दुखरा पाय आधी

उतेकरबाईंच्या पहिल्या तासाला फळा कोराच असायचा. शाळा भरली की बाई खुर्चीत बसून पाढे म्हणून घ्यायच्या, कविता म्हणून घ्यायच्या, कुणाच्या घरी काल काय शिजलं इथपासून कुणाची म्हैस व्याली इथपर्यंत सगळ्या चौकशा करायच्या, पण खडूला हात लावायच्या नाहीत. मधली सुट्टी झाली की मात्र त्याच बाई उठून फळा असा भरून काढायच्या की पुसताना वाईट वाटावं. मी शाळेत नवा होतो. मला वाटलं, ही काहीतरी शिकवण्याची नवी पद्धत असेल, कुठल्यातरी प्रशिक्षणात सांगितलेली. पद्धत वगैरे काही नव्हतं. सकाळी बाईंच्या मुठी वळत नसत, एवढंच होतं.

आमची शाळा कापड्याच्या वरच्या वाडीवर. पोलादपूरहून कापड्यापर्यंत गाडी आणि पुढे पायवाट. आधी भातखाचरांचे बांध, मग करवंदीच्या जाळ्या, आणि शेवटी एक उघडा, चढा कातळ. त्या कातळाला वाडीतले लोक 'उतरण' म्हणतात. वर चढून जायचं असलं तरी ती उतरणच. शाळा दोन शिक्षकांची, एक बाई आणि एक मी. मी दासगावचा, सावित्रीच्या काठचा, जन्मभर सपाटीवर चाललेला माणूस. रुजू व्हायला गेलो त्या दिवशी उतरणीच्या मध्यावर धापा टाकत बसलो होतो, तेव्हा वरून आवाज आला.

"दासगावचे ना तुम्ही? वाटलंच. खाडीकाठची माणसं. चढ दिसला की होडी शोधता."

वर पाहिलं तर बुटक्या, गोऱ्या, साडीचा काष्टा कमरेत खोचलेल्या आणि पायात मुलांसारखे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू नाही. विनोद करून स्वतः हसायचं नाही, असा त्यांचा नेमच होता.

बाई त्याच वाडीची लेक. सासर पोलादपुरात, नवरा महाडच्या एका कारखान्यात फिटर. त्यांच्या लहानपणी वाडीवर शाळा नव्हती, रोज उतरण उतरून कापड्याला जावं लागे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलं की आया मुलींना घरी ठेवून घेत, आणि एकदा घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेचं तोंड बघत नसे. बाईंच्या बरोबरीच्या साऱ्या मैत्रिणी अशा एकेका पावसाळ्यात गळाल्या. बाई टिकल्या त्या केवळ हट्टी स्वभावामुळे. पुढे वाडीवर शाळा झाली, पण तिथं यायला कुणी तयार होईना. आलेला माणूस बदलीचा अर्ज खिशात घालूनच चढायचा. तेव्हा बाईंनी खालची रस्त्याकडेची शाळा सोडून ही मागून घेतली.

"शिक्षक खाली उतरला की शाळा खाली उतरते," त्या मला म्हणाल्या होत्या. "आणि शाळा खाली उतरली की आमच्या पोरी घरात बसतात. मला दुसरं काही कळत नाही, सर. मला वर चढता आलं पाहिजे, बस."

आणि नेमक्या या बाईंना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. पन्नाशीच्या आतच गाठणारा, बोटांच्या पेरांपासून तळपायापर्यंत सांधे सुजवणारा, सकाळी अंथरुणातून उठणंसुद्धा परक्याच्या हातात देणारा. शाळेत खिचडी शिजवायला भागीकाकी होती, नात्याने बाईंची चुलत काकू. ती चूल पेटवली की पहिलं पाणी तांदळासाठी नाही, बाईंच्या हातांसाठी ठेवायची. बाई कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसत आणि तशाच बसल्या बसल्या मुलांकडून सोळाचा पाढा घेत. बारीक खडू चिमटीत धरवत नसे, म्हणून त्यांनी वेळूची जाड नळी तासून घेतली होती. खडू त्या नळीत खोचायचा आणि नळी मुठीत धरायची. अक्षर मात्र तेच, शाळेत असताना बक्षीस मिळवलेलं.

दुखतंय असं त्या कधी म्हणत नसत. विचारलं तर म्हणत, "आज जरा भांडण चाललंय." कुणाशी, ते विचारायचं नाही.

महाडच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीने त्यांना बरंच काही शिकवलं होतं. मूठ मिटायची, उघडायची. अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. खाटेच्या कडेवर बसून पाय समोर सरळ धरायचा आणि तसाच ठेवायचा, मांडी थरथरली तरी ठेवायचा. बाईंना घरी या गोष्टींना वेळ मिळेना. पहाटे डबे, मग गाडी, मग चढ. त्यांनी साधा मार्ग काढला. शाळेची कवायतच बदलून टाकली.

एकदा केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. घामाघूम होऊन वर पोचतात तर काय, सगळी शाळा पडवीच्या कडेवर ओळीने बसलेली, प्रत्येकाचा एक पाय हवेत सरळ, आणि मधोमध बाईंचाही.

"बाई, ही कुठली कवायत?"

"गुडघ्याची."

"अभ्यासक्रमात आहे का?"

"गुडघा आहे ना, साहेब. परिसर अभ्यासात. शरीराचे अवयव."

साहेब काही बोलणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्हीही बसा. एवढा चढ चढून आलात, उद्या मांड्या धरतील." आणि साहेबांनी खरोखर कडेवर बसून पाय उचलला. पहिल्या इयत्तेतली पोरं त्यांचा पाय खाली येतोय का हे डोळे वटारून बघत होती. त्यानंतर वाडीत कुठंही जा, संध्याकाळी एखादी आजी ओट्यावर बसून पाय सरळ धरताना दिसायची. नातवंडांनी शिकवलं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या त्याच मुलीने सांगितलेला एक नियम बाईंनी मुलांना प्रार्थनेसारखा पाठ करून घेतला होता. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." मुलांचे दोन्ही पाय चांगले. तरी शाळा सुटल्यावर बाईंना पोचवायला जाताना ती उतरणीवर ओरडत जायची, "दुखरा आधी! दुखरा आधी!" आणि बाई खालून म्हणायच्या, "मेल्यांनो, मला चिडवताय का?"

औषधाचं मात्र व्हायचं ते झालं. आधी निर्गुडीचा शेक झाला, करंजाचं तेल झालं, कुणी घाटावरून आणून दिलेली पुडी झाली. शेवटी महिन्यातून एकदा मुंबईहून महाडला येणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे बाई गेल्या. त्यांनी गोळी दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतेल, चुकवायची नाही, मधून मधून रक्त तपासायचं, आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील, धीर सोडायचा नाही, असं सगळं समजावून ते म्हणाले, "एक वार ठरवून टाका."

त्याच दिवसांत भागीकाकी बाईंच्या मागे लागली होती. "सुमे, सोळा सोमवार धर गो. माझ्या भैनीची कंबर गेलीती, ती उठून लावनीला गेली. देवाला बोलल्याबिगर नाय काय व्हायचा." बाईंनी दोन्हींची सांगड घातली. सोमवारी दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, मग जेवण आणि जेवणावर गोळी. मला म्हणाल्या, "वार विसरायची भीती नाही. पोटच आठवण देतं." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मंगळवारी त्यांना मळमळायचं, आणि मुलांना ते ठाऊक असायचं. मंगळवारी वर्गात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

आणि गुण आला. हळूहळू, डॉक्टर म्हणाले होते तसाच. आधी पातेल्यातलं पाणी निवायच्या आत बोटं सुटायला लागली. मग एके दिवशी पहिल्याच तासाला फळ्यावर तारीख लिहिलेली दिसली. मुलं तिच्याकडे बघतच राहिली. उतरण तर बाई अशा चढू लागल्या की मीच मागे पडायचो, आणि वरून होडीची चौकशी व्हायची.

व्रताचं उद्यापन बाईंनी वाडीतल्या शंकराच्या देवळात केलं. सगळी वाडी जेवायला. गव्हाच्या पिठाचा, गूळ-तूप घातलेला चुरमा मी ताटलीभर खाल्ला. बाई पूजेला पाटावर मांडी घालून बसल्या होत्या. कित्येक वर्षांत मांडी घातली नव्हती, आणि आता उठेचनात. उठायला येत नव्हतं म्हणून नाही, सगळ्यांनी बघावं म्हणून. भागीकाकी ज्याला त्याला हात ओढून दाखवत होती, "बघा, बघा माझी सुमी कशी बसलीय. देवानं केला हो." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी मी त्यांना सुखात पाहिलं. तसं पुन्हा पाहिलं नाही.

पावसाळा लागला. बाई चढताना करवंदीच्या जाळ्यांशी थांबू लागल्या. "हवा दमट आहे," म्हणाल्या. पहिल्या तासाचा फळा पुन्हा कोरा दिसू लागला. "पावसात खडू उठत नाही," म्हणाल्या. मनगटं सुजलेली दिसत होती आणि बाई त्यांवरून पदर ओढून घेत होत्या. पातेलं मात्र पुन्हा मागितलं नाही. औषध चालू असताना असं का व्हावं, मला उमगेना. शेवटी मी भागीकाकीला विचारलं, बाई सोमवारची गोळी वेळेवर घेतात ना?

काकीने माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "गोली? आता कशाला गोली? उद्यापन झाला ना! तवाच बंद केली तिनं."

मला आधी खरंच वाटेना. याच बाई, वाडीतल्या एका पोराच्या बापाच्या छातीच्या औषधांसाठी रोज शाळा सुटल्यावर त्याच्या दारात उभ्या राहायच्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नको, मरशील, असं त्याला सगळ्यांसमक्ष झापायच्या. मी तडक वर्गात गेलो. मुलं बाहेर खेळत होती. विचारलं, तर बाई उसळल्या.

"तुम्हाला काय करायचंय, सर? व्रत पुरं झालं. देवाला दिलेला शब्द मी पाळला, त्याने त्याचा पाळला. उद्यापन केल्यावरही गोळी घेत राहिले, तर त्याचा अर्थ काय? तुझ्यावर माझा विश्वास नाही, असंच ना?"

"बाई, डॉक्टरांनी व्रत नव्हतं दिलं."

"सगळी वाडी जेवून गेली, सर. माझी सगळी वाडी. आता त्यांना काय सांगू, की देवाने नाही केलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि खरं सांगू का? मला वाटलं, संपलं. कधी नव्हे ते मला वाटलं, की माझं हे संपलं."

मला राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. कुणालाही तसंच वाटलं असतं. आपलं एक दुखणं तिथी ठरवून, चार माणसं जेवू घालून संपवता येतं, याहून मोठा लोभ कुठला?

त्याच आठवड्यात एका सकाळी बाई शाळेत पोचल्या नाहीत. मी कडेवर येऊन पाहिलं तर उतरणीच्या मध्यावर त्या बसलेल्या. पाऊस पडत होता, छत्री उलटी होऊन बाजूला पडली होती. वर येववत नव्हतं आणि खाली जाववत नव्हतं. मी गेलो, मागून भागीकाकी पदर डोक्यावर घेऊन आली. आम्ही दोघांनी काखेत हात घालून उठवलं तेव्हा बाई कळवळल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. "काकी, माझे पाय गेले गो." काकीही रडायला लागली. "माझ्या तोंडाला आग लागो. मीच बोलले गो, मीच." भर पावसात त्या दोघी एकमेकींना धरून रडत होत्या आणि मी कातळावर छत्री सुलटी करत उभा होतो.

डॉक्टर रागावले नाहीत, ते बाईंना जास्त लागलं. त्यांनी तपासलं, एक्स-रे काढून बघितले आणि सांगितलं, आजार पुन्हा आवरता येईल, पण उजव्या गुडघ्याची आणि मनगटाची झीज झाली ती झाली, ती भरून येणार नाही. गोळी पुन्हा सुरू. व्यायाम पुन्हा, पण नव्याने, बेताने. आणि तो चढ शक्यतो टाळा. बाईंनी पहिल्या सगळ्याला मान डोलावली, शेवटच्याला नाही.

या वेळी त्यांनी वार निवडला बुधवार. "बुधवारी कुणी उद्यापन करत नाही," त्या म्हणाल्या. "बुधवारी घरात सुकट असते. त्या वासात कुठलंच व्रत टिकत नाही." मग गोळी पिशवीत टाकत, "हिचं उद्यापन आता माझ्याबरोबरच." हेही त्या न हसताच बोलल्या.

भागीकाकीने मात्र तो बुधवार स्वतःच्या अंगावर घेतला. दर बुधवारी सुकटीची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून ती बाईंच्या पिशवीत कोंबायची. "घरी जाऊन खा गो, आन गोली घे. नाय घेतलीस तर मी पोलादपूरला येईन बघ." देवळात ती अजूनही जायची. पण देवाला काय सांगायची कोण जाणे. गोळीबद्दल ती पुन्हा कधी देवाचं नाव घेऊन बोलली नाही.

आजार आवरला. बोटांची सूज उतरली, पातेलं आणि वेळूची नळी पुन्हा कामाला लागली. गुडघा मात्र राहिला. चढणं एक वेळ जमे, उतरताना जीव जायचा. व्यायामाच्या त्या मुलीने मग कठड्याला धरून उलटं उतरायला शिकवलं. बाईंच्या वाटेवर कठडा कुठला? वाडीतल्या गड्यांनी उतरणीच्या कडेने मेढी रोवून दोर बांधून दिला. शाळा सुटली की बाई उतरणीच्या तोंडाशी जाऊन आमच्याकडे तोंड करायच्या, एका हातात काठी, एका हातात दोर, आणि मागच्या मागे एकेक पाऊल खाली. दुखरा आधी, मग चांगला. लहान मुली त्यांना खालपर्यंत पोचवायला मागे-पुढे. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. बाईंनी एक अख्खं वर्ष असं काढलं, आणि पडवीच्या कडेवर बसून पाय उचलणं एक दिवस चुकवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, शेवाळ धरल्यावर, एके दिवशी त्यांचा हात दोरावरून सुटला. पडताना त्यांनी जवळ होतं ते धरलं, आणि जवळ होती दुसरीतली एक पोर. दोघी घसरत खाली गेल्या. फार लागलं नाही. पोरीचा गुडघा सोलवटला, बाईंचा खांदा. पोरगी तर रडलीसुद्धा नाही. उठून बाईंना म्हणाली, "बाई, दुखरा आधी टाकायचा होता ना."

बाईंनी त्या रात्री घरी जाऊन अर्ज केला. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मी पडले असते तर पुन्हा चढले असते, सर. पण मी पोरीला घेऊन पडले." डोळे कोरडे होते. "या उतरणीवरून पोरींना शाळेला जायला लागू नये म्हणून मी वर आले. आणि मीच एकीला तिच्यावरून ओढली."

बदली मिळाली ती दासगावला. रस्त्यालगतची शाळा, दारात गाडी, एक पायरीसुद्धा नाही. शेवटच्या दिवशी बाई सकाळीच येऊन भेटून जाणार होत्या. वाडी गोळा झाली. काकीने पाणी तापवलं, बाईंनी हात बुडवले, पाणी निवलं तरी काढले नाहीत. वेळूची नळी त्यांनी फळ्याच्या कडेला ठेवली.

"अदलाबदल झाली म्हणायची," त्या मला म्हणाल्या. "माझी वाडी तुम्हाला, तुमचं दासगाव मला."

"तिथं तुम्हाला सोपं जाईल, बाई. चढ नाही."

"म्हणूनच भीती वाटते. चढ नसला तर हे पाय कशासाठी चालवू?" मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी खरा प्रश्न विचारला. "माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तुम्ही खाली उतरणार नाही ना, सर?"

मी म्हणालो, "होडी मिळेपर्यंत तरी नाही." आणि बाई हसल्या. स्वतःच्या विनोदावर कधी न हसलेल्या बाई माझ्या त्या पडेल विनोदावर मोठ्याने हसल्या.

मग उतरणीच्या तोंडाशी गेल्या, आमच्याकडे तोंड केलं, काठी टेकली, दोर धरला. जाणाऱ्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. बाईंचा चेहराच दिसत राहिला. त्यांना आम्ही सगळे दिसत होतो, मुलं, काकी, शाळा, आणि तोंड फिरवायची सोय नव्हती, कारण फिरवलं तर पडल्या असत्या. हात दोन्ही गुंतलेले, डोळे पुसता येईनात. जरा खाली गेल्यावर त्या ओरडल्या, "काय बघताय सगळे? तास सुरू झाला! सर, घंटा!"

मी जाऊन घंटा दिली. मुलं आत गेली. परत कडेवर येऊन पाहिलं तर बाई उतरणीच्या तळाशी, करवंदीच्या जाळ्यांपर्यंत पोचल्या होत्या. तिथून पुढे वाट सपाट, सरळ वळून चालायला हरकत नव्हती. त्या वळल्या नव्हत्या. तोंड अजून शाळेकडेच होतं, आणि सपाटीवरही पाऊल मागेच पडत होतं, दुखरं आधी.